नवी बसवलेली मोटर पुन्हा का जळते?
गाडीवर धंदा करणाऱ्यांनी टाकीतल्या फ्युएल पंपाविषयी जाणून घ्यावे असे काही

आपल्यापैकी पुष्कळांचा माल आज स्वतःच्या गाडीतून फिरतो. कोणी कापड नेतो, कोणी बेकरीचा माल, कोणी मासळी, कोणी सुतारकामाची हत्यारे. दुकानाच्या भाड्याचा, विजेचा, नोकराच्या पगाराचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. गाडीच्या बाबतीत मात्र "बंद पडली की बघू" हीच पद्धत. मी तीस वर्षे कापडाचा धंदा करतो, मेकॅनिक नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण असे की एकाच गाडीत पाच महिन्यांत दोन फ्युएल पंप घालण्याची पाळी माझ्यावर आली, आणि दुसरा पंप जळण्यात कंपनीचा नव्हे, माझाच दोष निघाला.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'पंप' म्हटले की पेट्रोल भरण्याची जागा डोळ्यासमोर येते. म्हणून फिटर लोक फ्युएल पंपाला सरळ 'टाकीतली मोटर' म्हणतात. मीही येथे मोटर हाच शब्द वापरतो.

माझी मालाची व्हॅन पेट्रोलवर चालते. नऊ वर्षे झाल्यावर तिची मूळ मोटर गेली, ते तिचे वयच होते. नवी घातली. पाच महिन्यांनी, गणपतीच्या आठवडाभर आधी, इचलकरंजीहून पॉपलीन आणि अस्तराचे गठ्ठे भरून कोल्हापूरमार्गे रत्नागिरीस परतत होतो. मलकापूर सोडले आणि आंबा गाव यायच्या आत गाडी झटके खाऊ लागली. थोडे अंतर रडतखडत गेली आणि उभी राहिली. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. ऑगस्टचा पाऊस, अंधार आणि समोर अख्खा घाट. माल दुसऱ्या टेम्पोत चढवताना तीन गठ्ठे भिजले. गाडी दोरीने ओढत साखरप्यात आणली, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत. कोकणात गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईकर चाकरमानी उतरू लागतात, वर्षाची मोठी विक्री तेव्हाच. ज्या दोन दुकानदारांना माल द्यायचा होता त्यांनी वाट पाहून दुसरीकडून उचलला. त्यांचे काय चुकले? दुकान उघडे ठेवून रिकाम्या कपाटाकडे कोण बघत बसेल?

गाडी यावेळी एका जुन्या फिटरकडे नेली. त्याने मला शेजारी उभे करून टाकी उघडली. मोटरीच्या तळाला बोटभर लांबीची चपटी पिशवी असते, तिला जाळी म्हणतात. ती त्याने कागदावर ठेवली. तिच्यावर मळकट पांढरा थर बसला होता, भिजलेल्या नमद्यासारखा. फिटर म्हणाला, "चाचा, हे काय आहे ते तुम्हीच ओळखा. हा तुमचाच माल दिसतोय."

कापडाचे धागे मोजण्याचे भिंग माझ्या खिशात असतेच. लावून पाहिले. सुताचे तंतू! कापूस! दुकानी येऊन विचारले तेव्हा उलगडा झाला. गाडी चालवणारा मुलगा अडीअडचणीसाठी एक कॅन भरून ठेवत असे. कॅनचे झाकण हरवलेले, म्हणून तोंडाला दुकानातल्या कटपीसचा बोळा. पेट्रोल टाकीत ओतताना तोच कपडा नाळक्यावर धरून 'गाळून' ओतायचे. त्याच्या मते ही सावधगिरी होती. वर्षभर हेच चालले होते. आणि पहिली मोटर बदलली तेव्हा त्या गॅरेजवाल्याने जुनी जाळी झटकून परत लावली, टाकी धुतली नाही. त्याला दोष द्यावा, तर "लवकर कर, माझा बाजार चुकेल" असे डोक्यावर उभे राहून मीच म्हटले होते.

यातून मी जी गोष्ट शिकलो ती पुढील सगळ्या मजकुराचा पाया आहे. जुनी मोटर कशाने मेली हे न शोधता नवी घातली, तर नवीही त्याच रोगाने मरते, आणि बहुधा जुनीपेक्षा लवकर.

मोटर टाकीत का ठेवतात

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनाला चिकटलेला असे. आत रबरी पडदा, तो इंजिनाच्या कॅमने वरखाली होई. दाब तीन-चार पाउंड, बस्स. पडदा फाटला तर रस्त्याच्या कडेला बसून बदलता येई. साधारण २००० सालाच्या आसपास आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या आणि काम बदलले. इंजेक्टरला पेट्रोल फवारायचे तर साधारण ३ बार, म्हणजे सुमारे ४३ पाउंड दाब लागतो. आपण चाकात ३० ते ३३ पाउंड हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. हा दाब देणारी विजेची मोटर टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली असते. लहान गाड्यांत ती बहुधा मागच्या सीटखाली येते.

विजेची मोटर पेट्रोलमध्ये, मग भडका कसा उडत नाही? हा प्रश्न मीही विचारला. उत्तर असे की आग लागायला पेट्रोलच्या वाफेबरोबर पुरेशी हवा लागते. मोटरीच्या आत पेट्रोलच भरलेले असते आणि टाकीतही वाफ इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. उलट पेट्रोल मोटरीच्या अंगातूनच, तिच्या फिरत्या भागाला आणि ब्रशांना चाटून पुढे जाते. तेच तिला गार ठेवते आणि तेच तिचे वंगण. शिलाई मशीनला आपण तेल घालतो, या मोटरीला मात्र पेट्रोलशिवाय दुसरे तेल नाही. ती कोरडी फिरली की काही क्षणांत झिजू लागते.

साध्या गाड्यांत ही मोटर नेहमी पूर्ण वेगाने फिरते. इंजिन जेवढे पेट्रोल जाळते त्याच्या कितीतरी पट ती उचलते आणि उरलेले टाकीत परत सोडते. म्हणजे टाकीतले तेच पेट्रोल पुन्हा पुन्हा जाळीतून जाते. तळाशी पडलेला कचरा आज नाही तर उद्या जाळीवर येणारच.

जाळीचे कापड

आता माझ्या धंद्याची गोष्ट. ही जाळी बहुधा नायलॉनची असते. नायलॉनचा तंतू अखंड, गुळगुळीत असतो, त्याला सुटे टोक नसते. सूत मात्र कापसाच्या बोट-दोन बोट लांबीच्या तंतूंना पीळ देऊन बनते, म्हणून कितीही चांगल्या ताण्या-बाण्याचे सुती कापड असले तरी घासल्यावर त्यातून रोवा सुटतो. धुतलेल्या पंचाने काळा कोट पुसून पाहा. तोच रोवा पेट्रोलमध्ये सुटतो आणि केसाहून बारीक छिद्रांच्या जाळीवर जाऊन बसतो. त्यावर धूळ, गंज, टाकीतला डिंकासारखा साका चिकटतो आणि लेप तयार होतो. मग मोटरीला पेट्रोल ओढायला जोर पडतो, आत वाफेचे बुडबुडे होतात, ती गरम होते आणि तिचा आवाज 'घूंऽऽ' असा चढतो.

तेव्हा कॅनने पेट्रोल ओतणे टाळावे. इलाजच नसेल तर कॅन धातूचा आणि घट्ट झाकणाचा असावा, नाळके बारीक धातूच्या जाळीचे असावे, आणि तळातले शेवटचे दोन घोट ओतू नयेत. कपड्याने गाळणे पूर्ण बंद. पेट्रोल भरण्याच्या ठिकाणी टँकर खाली होत असेल तर तळाचा गाळ ढवळलेला असू शकतो, थोडे थांबून किंवा पुढे जाऊन भरावे. पेट्रोलविषयी शंका आली तर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझल पुसून कागदावर एक थेंब पाडायचा. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

दोनशेचे पेट्रोल

आपल्या लोकांची दुसरी सवय म्हणजे रोज दोनशे रुपयांचे पेट्रोल. सकाळी गल्ला रिकामा, म्हणून थोडे टाकायचे. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत चालवायची. कारण मी समजू शकतो, पण हिशेब चुकीचा आहे. टाकीत पडलेले पेट्रोल हा खर्च नव्हे, तो माल आहे. आज भरले काय नि उद्या, जळते तेवढेच. मोटरीवर मात्र फरक पडतो. पातळी कमी झाली की तिच्या भोवतालचे पेट्रोल थोडे आणि फिरून फिरून कोमट झालेले. घाटात चढ-उतार व वळणे आली की ते एका बाजूला सरकते आणि मोटर क्षणभर हवा ओढते. टाकीत मोटरीभोवती वाटीसारखी जागा केलेली असते ती यासाठीच, पण तिलाही मर्यादा आहे. काटा पावच्या खाली जाऊ द्यायचा नाही हा नियम मी आता पाळतो. कोल्हापूरला जाताना आंबा घाट चढण्यापूर्वी अर्धी टाकी असते.

रत्नागिरीत सीएनजी मिळू लागल्यापासून ही चूक नव्या रूपाने होते. गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्महिने तळाला ठेवतात. परंतु पुष्कळ गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. शिवाय बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही टाकीतली मोटर फिरतच राहते, कारण तिची वीज तोडणारा रिले लावलेला नसतो. मोटर कोरडी फिरून मरते आणि मालक म्हणतो, "पेट्रोल तर मी वापरतच नाही!" गाडी गॅसवर घेऊन मागच्या सीटजवळ कान लावा. घूं असा आवाज येत असेल तर किट बसवणाऱ्याकडे जाऊन त्याला ही गोष्ट विचारा. पेट्रोल पाव टाकीच्या वर ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे तेच पेट्रोल टाकीत शिळे होत नाही.

वीज आणि खारी हवा

मोटर गेली असे वाटते तेव्हा कित्येकदा मोटर ठीक असते, वीज पोहोचत नसते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत वायरीच्या कपलरला हिरवा गंज चढतो, बॉडीला जोडलेला अर्थ सैल होतो, रिलेचे पॉइंट जळतात. मोटरीला १२ व्होल्टच्या जागी १० मिळाले तर ती हळू फिरते, दाब पडतो, आणि गंजलेल्या जोडावर उष्णता होऊन कपलर वितळतो. अशा कपलरला नवी मोटर लावणे म्हणजे कुजलेल्या दोऱ्याने नवे कापड शिवणे. फिटरला सांगावे की मोटर चालू असताना तिच्या कपलरवर मीटर लावून व्होल्ट मोज आणि त्याच वेळी बॅटरीवरही मोज. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी खराबी आहे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि मोटर विकत घेण्याच्या आधीचे आहे.

इथेनॉल, बंद गाड्या आणि पूर

आपल्या गावांत आणखी एक प्रकार दिसतो. घरचा कर्ता आखातात किंवा मुंबईत, गाडी अंगणात ताडपत्रीखाली, वर्षातून एक महिना बाहेर निघते. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर तेच रूढ झाले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात हवा किती दमट असते हे कापडवाल्याला सांगायला नको. कपाटातल्या घड्यांना बुरशी येते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, म्हणजे नेमके जाळीपाशी. मोटर आधी तेच पाणी पिते. तिचे ब्रश, तांबे, जोड यांना ते सोसत नाही. दुसरे म्हणजे इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट साका सोडवते आणि तो फिल्टरवर येतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला सोसतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत बाहेरचा फिल्टर असेल तर तो थोडा लवकर बदलावा, आणि नवी मोटर व रबरी भाग घेताना ते २० टक्के इथेनॉलला चालतील याची खात्री करून घ्यावी. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि घरातल्या कोणाला तरी पंधरा दिवसांनी गाडी फिरवून आणायला सांगावे. नुसती अंगणात पाच मिनिटे सुरू ठेवून उपयोग थोडा.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो? चावी लावून बघतो. तेच करू नये. चावी फिरवताच, सेल्फ मारण्याआधीच, मोटर दोनेक सेकंद फिरते आणि टाकीत शिरलेले पाणी थेट पाइपात व इंजेक्टरपर्यंत ढकलते. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवावी, टाकी रिकामी करून सुकवावी, मगच पुढचे.

घेताना आणि बसवताना

बाजारात नुसती मोटरही मिळते आणि जाळी, तरंगा, दाब राखणारा व्हॉल्व्ह यांसह पूर्ण असेंब्लीही मिळते. नुसती मोटर स्वस्त पडते. बाकी भाग चांगले असतील तर ती घेण्यात वावगे नाही, मात्र नवी जाळी सोबत घ्यावीच. टाकीच्या आतला पाइपचा तुकडा पेट्रोलमध्ये बुडून राहणारा, त्याच कामासाठी बनवलेला हवा. बाहेर वापरायचा साधा रबरी पाइप आत घातला तर बाहेरूनही पेट्रोल पिऊन फुगतो व निसटतो. पार्ट नंबर जुळवावा, पक्के बिल घ्यावे, जुनी मोटर मागून घ्यावी. आपल्यापैकी जे स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत त्यांना एवढेच सांगणे की, दुरुस्त केलेली मोटर नव्या डब्यात घालून देऊ नका. दुरुस्त केलेली म्हणून सांगा आणि त्या भावाने विका. कापडात डाग असलेला ताका आपण दाखवून विकतो, तसेच हे आहे.

कारखान्यातूनच दोष येतो असेही घडते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने मोटरीतल्या दोषी पंख्यासाठी ९०,४६८ गाड्यांची घोषणा केली, आणि २,२०४ गाड्या अशा होत्या की ज्यांत ही मोटर नंतर सुटा भाग म्हणून बसवली गेली होती. अशा वेळी कंपनी फुकट बदलून देते. स्वतःच्या खिशातून मोटर घेण्याआधी गाडीचा चासी नंबर कंपनीच्या अधिकृत केंद्रात तपासून घ्यावा.

बसवण्याचे काम उघड्यावर, विडी-सिगारेट व वेल्डिंगपासून दूर व्हावे. आधी मोटरीचा फ्यूज काढून इंजिन सुरू करायचे. ते आपोआप बंद पडले की पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवायचे. झाकण उघडण्यापूर्वी त्याच्याभोवतीची माती ब्रशने व हवेने साफ करायची, नाहीतर तीच टाकीत पडते. झाकणाची कडी लोखंडी छिन्नीने ठोकू देऊ नये, ठिणगी उडते. पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा वापरावा. पेट्रोल काढून टाकीचा तळ टॉर्चच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. गाळ, गंज, पाणी दिसले तर टाकी उतरवून धुवावी. पुसायला सुती चिंधी नको, हे आता सांगायला नको. झाकणाचे रबर नवे, बाहेर फिल्टर असेल तर तोही नवा. आणि बसवण्याआधी "चालते की नाही बघू" म्हणून नवी मोटर हातात धरून बॅटरीवर कोरडी फिरवू देऊ नका. ही खोड फार फिटरांना असते. शेवटी टाकीत निदान दहा लिटर पेट्रोल घालून, सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा चालू-बंद करावी. मोटर दर वेळी दोन सेकंद फिरून पाइप भरते, मग इंजिन एका झटक्यात पकडते.

या सगळ्याला माझा अर्धा दिवस गेला आणि टाकी धुण्याची मजुरी वेगळी. माझ्या तिसऱ्या मोटरीला आता दोन पावसाळे झाले. गेल्या महिन्यात बाहेरचा फिल्टर बदलला तेव्हा जुन्यातले पेट्रोल उलट्या बाजूने पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात ओतून घेतले. तळाला चिमूटभर काळी धूळ होती. भिंग लावून पाहिले, रोवा नव्हता. कॅनला टिनचे झाकण केले आहे, आणि ते साखळीने कॅनच्या कडीला बांधले आहे.